सोमवार पाळणारी गाडी

सोनपेठच्या बसस्टँडवरून गावात शिरताना डाव्या हाताला एक पत्र्याचं गॅरेज लागतं. दारात जुने टायर, आत खिळ्यांना टांगलेले आरसे आणि मडगार्ड. त्याचे मालक ईश्वरअप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे. सकाळची पूजा आटोपल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि एकदा लावला की दुपारच्या भाकरीपर्यंत सोडायचा नाही, अशी त्यांची रीत. गाडी दुरुस्तीला आली की ते आधी तिला हात लावत नाहीत. गिऱ्हाइकाला किक मारायला सांगतात आणि डोळे मिटून ऐकत उभे राहतात. गिऱ्हाईक मध्येच तक्रार सांगायला लागलं तर म्हणतात, "थांब जरा, तिला बोलू दे."

गावात अप्पांच्या शब्दाला मान. इंजिनाच्या रिंगा गेल्या म्हणाले तर गेल्या, आणि अजून वर्षभर काही होत नाही म्हणाले तर गिऱ्हाईक निर्धास्त. खोटं बोलून कुणाच्या गाडीचा नट त्यांनी कधी फिरवला नाही. म्हणून तर पुढं जे झालं ते त्यांना इतकं लागलं. ज्याला खोटं बोलायची सवय असते तो एखादं पचवून टाकतो. अप्पांना ते पचवता येईना.

त्यांच्या घरामागं गोठा आहे. वडिलांच्या वेळी तिथं लाल कंधारी बैलांची देखणी जोडी असायची. घर शिवभक्तांचं, त्यामुळं बैल म्हणजे साक्षात नंदी, आणि सोमवारी नंदीच्या खांद्यावर जू चढवायचं नाही हा घराचा नेम. पेरणीचा वाफसा निघून चालला, शेजारपाजारची औतं चालू असली, तरी यांचे बैल सोमवारी कडबा खात उभे. वडील गेले, शेत बटईनं दिलं, बैल विकले. गोठा रिकामा पडला आणि अप्पांना त्या रिकाम्या दावणीकडं बघवेना. मग एक दिवस तिथं मोटारसायकल येऊन उभी राहिली.

ती आणली मंगेशनं. मंगेश हा अप्पांच्या बहिणीचा मुलगा, खताबियाण्याचा दुकानदार, आणि फ्लेक्सचा भारी शौकीन. कुणाच्या म्हशीला पारडू झालं तरी हा चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावील. त्यानं लातूरला मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकलींच्या शर्यती बघितल्या आणि त्याच्या डोक्यात वारं शिरलं. जुनी गाडी घेतली, तिचे दिवे काढले, माती धरणारे बटणाचे टायर चढवले आणि मामाच्या गोठ्यात आणून लावली. मालक मंगेश, मिस्त्री ईश्वरअप्पा आणि चालवणारा गोपाळ, अशी तिघांची टीम झाली. नाव ठेवलं शिवनंदी रेसिंग.

गोपाळ कुरिअरवाला. पाठीवर पोत्याएवढी पिशवी घेऊन वाड्यावस्त्यांवर पार्सलं पोचवायचा. काळ्या मातीच्या चिखलात जिथं ट्रॅक्टर रुतून बसायचे तिथून हा पाय न टेकवता निघून यायचा, हे अप्पांनी स्वतः बघितलं होतं. शर्यतीसाठी त्याचं नाव त्यांनीच सुचवलं. गोपाळला वडील नव्हते. तो अप्पांना फार मानायचा. गाडीवर बसायच्या आधी दर वेळी वाकून त्यांच्या पाया पडायचा आणि अप्पा दर वेळी "पुरे पुरे" म्हणत त्याच्या हेल्मेटवर थाप मारायचे.

आता गोठ्यात उभी राहिलेली गाडी. पहिल्याच पोळ्याला अप्पांनी तिच्या हँडलला गोंडे बांधले, टाकीवर गेरूचे ठिपके काढले आणि पुरणपोळीचा घास मडगार्डला लावला. महादेवी, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसत होती. त्यानंतरच्या सोमवारी गोपाळ सरावाला आला तेव्हा अप्पा म्हणाले, "आज न्हाई. आज नंदीचा आरामाचा वार हाय." सगळ्यांना वाटलं, अप्पा थट्टा करायलेत. कदाचित त्या दिवशी ती थट्टाच असेल. पण पुढच्या सोमवारीही त्यांनी गाडी काढू दिली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्या सोमवारी खुशाल दुरुस्त व्हायच्या, पण गोठ्यातल्या गाडीला किक बसायची नाही. थट्टेचा नेम झाला आणि वडील आपल्याकडं बघत असावेत असं अप्पांना त्या दिवशी वाटायला लागलं.

यंदाचा हंगाम सुरू झाला आणि शिवनंदी रेसिंगनं सपाटून मार खाल्ला. पहिली फेरी लातूरला. गोपाळ सगळ्यांच्या शेवटी आला, तोही इतका मागून, की बक्षीस वाटायची तयारी सुरू झाली होती आणि टेबल मांडणाऱ्या माणसांना बाजूला व्हावं लागलं. दुसरी फेरी जालन्याला. तिथं चेन उतरली आणि गोपाळ गाडी ढकलत आला. मंगेशनं स्टेटसला टाकलं, "अमूल्य अनुभव मिळाला." गोपाळचा दोष नव्हता. गाडीत दमच नव्हता. सरळ रस्त्याला बाकीच्या गाड्या तिला अशा मागं टाकायच्या जसं एसटीनं सायकलवाल्याला टाकावं.

जालन्याला आणखी एक झालं. लातूरच्या टीमच्या मिस्त्रीनं सहज विचारलं, तुम्ही सराव किती करता, आणि मंगेशनं हसत हसत सोमवारचा नेम सांगून टाकला. ते माइकवाल्याच्या कानावर गेलं. दुपारभर तो कर्ण्यावरून ओरडत होता, "आले आले, सोमवारवाले आले! जागा द्या, आराम करून आलेत!" मैदान हसत होतं. गोपाळही ओशाळा हसला. अप्पांना मात्र कानशिलं तापल्यासारखी झाली. आपल्या बापाचा नेम आपण जत्रेत नेऊन हसण्यावारी घालवला असं त्यांना वाटलं.

अशा टीमला एकच आधार असतो, पुढं येणाऱ्या सामानाचा. मंगेशनं कोल्हापूरकडच्या एका कारखान्याला नवा ब्लॉक, नवा पिस्टन आणि मोठा कार्बोरेटर सांगितला होता. तिसरी फेरी घरची, परभणी तालुक्यात पेडगावजवळच्या मोकळ्या रानात, सव्वीस जानेवारीला. "पेडगावला बघा," हे तिघांच्याही तोंडात बसलं. चहाच्या टपरीवर कुणी चेष्टा केली की गोपाळ म्हणायचा, पेडगावला बघा. मंगेशनं तर चौकात फ्लेक्सच लावला. हेल्मेट काखेत धरलेला गोपाळ, आणि खाली मोठ्या अक्षरात, "पेडगाव गाजवणार, सोनपेठचा वाघ!"

सामान मात्र येता येईना. सव्वीस जानेवारी मंगळवारी होती आणि पार्सल आलं आदल्या रविवारी दुपारी. आणलं कुणी, तर गोपाळनं. पिशवीतून खोकं काढून तो दारात ऐटीत उभा राहिला.

"अप्पा, ओटीपी सांगा."

"लेका, तुझंच सामान हाय न ते."

"नियम म्हंजे नियम. ओटीपी सांगितल्याबिगर माल भेटत न्हाई."

अप्पांनी मोबाइल लांब धरून आकडे वाचले, गोपाळनं खोकं त्यांच्या हातात दिलं, आणि मग दोघांनी ते पोरांसारखं घाईघाईनं फोडलं. नवा पिस्टन अप्पांनी तळहातावर घेतला तेव्हा तो आधी कपाळाला लावला. दिवेलागणीपर्यंत नवं सामान बसवून, इंजिन बांधून गाडी उभी राहिली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. नवा पिस्टन ज्या नव्या ब्लॉकमध्ये वरखाली होतो, त्यात तो घट्ट असतो. त्याला आधी हळूहळू चालवायचं, तापू द्यायचं, गार करायचं, पुन्हा चालवायचं. निवांत काढलं तर दिवसभराचं, घाईत काढलं तरी तीन-चार तासांचं काम. याला मिस्त्री लोक रनिंग काढणं म्हणतात. ती न काढता गाडी जोरात ओढली तर पिस्टन फुगतो, ब्लॉकला धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. हे गॅरेजमध्ये झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं.

गोपाळ हात पुसत म्हणाला, "उद्या कामाला सुट्टी टाकतो अप्पा. दिवसभर रानातल्या वाटंनं रनिंग काढतो."

"उद्या सोमवार हाय."

गोपाळनं फडकं खाली ठेवलं. अप्पांशी वाद घालायचा त्याचा स्वभावच नव्हता. नुसता गाडीकडं बघत राहिला.

"मंगळवारी भल्या पहाटं मी इथंच स्टँडवर लावून काढतो," अप्पा म्हणाले. "तू फिकीर करू नको. नीट झोप घे."

घरात महादेवी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "पाव्हणा आला तर उपासाच्या सोमवारी बी चूल पेटते की," ती म्हणाली. अप्पा हात धुवायला मोरीकडं गेले.

सोमवारी ते दोनदा गोठ्यात जाऊन आले. टाकीवरून हात फिरवला, किकवर पाय ठेवला आणि काढून घेतला. जालन्याच्या त्या कर्ण्याला उत्तर द्यायचं तर नेम पाळूनच जिंकून दाखवायचं, असं काहीतरी त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी ते स्वतःवर खूश होते.

मंगळवारी उजाडायच्या आधी उठून त्यांनी अंघोळ केली, पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं असेल नसेल, तोवर रस्त्यावर हलगी कडाडली. मंगेश ठरल्यापेक्षा लवकरच पिकअप घेऊन हजर. झेंडावंदनाच्या आधी गाडीची गावातून मिरवणूक काढायची असं त्यानं आपल्या मनानंच ठरवून टाकलं होतं. पूजा अर्धी सोडता येईना. अप्पा बाहेर आले तेव्हा गाडी पिकअपवर चढली होती, हार घातला होता, दोर आवळले होते.

"अरे थांब, मला ती चालू करायची हाय."

"तिकडं करू की मामा! लोकं खोळंबलेत."

आणि गुलाल उधळला गेला. अप्पा पिकअपमध्ये पुढं जाऊन बसले. रनिंग राहिली हे गाडीत बसल्यावरही सांगता आलं असतं. पेडगावला पोचल्यावरही सांगता आलं असतं. तिथं तपासणीची रांग, नंबर चिकटवायची घाई, कर्ण्यावर देशभक्तीची गाणी. जेमतेम दहा मिनिटं इंजिन चालवून गरम करता आलं तेवढंच. आवाज मात्र असा भरदार की शेजारच्या टीमचे लोक वळून बघायला लागले. त्यांच्यात तो लातूरचा मिस्त्रीही होता.

"काय सोमवारवाले," तो म्हणाला, "नवं सामान दिसतंय. रनिंग काढली का काल, का उपास व्हता?"

आजूबाजूचे हसले. नेमका त्याच वेळी गोपाळनं हेल्मेट चढवता चढवता विचारलं, "अप्पा, झाली न रनिंग?"

सगळे अप्पांकडं बघत होते. न्हाई झाली, म्हणायचं होतं. पहाटे राहून गेलं, काल सोमवार होता, हळू चालव. एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते हसू पुन्हा उसळलं असतं आणि कर्ण्यावर गेलं असतं.

"झाली," अप्पा म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मिस्त्रीला ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला. "बेधडक वढ!"

गोपाळ वाकून पाया पडला. अप्पांनी हेल्मेटवर थाप मारली.

शर्यत सुरू झाली. गोपाळ मागच्या ओळीत होता. पहिल्या वळणावरच तो दोघांच्या मधून निघाला आणि सरळ रस्त्याला, जिथं ही गाडी नेहमी मान टाकायची, तिथं त्यानं आणखी दोघांना मागं टाकलं. मंगेशनं किंकाळी फोडली. फेरीमागून फेरी गोपाळ पुढं येत गेला. सोनपेठहून आलेली माणसं बांबूच्या कठड्यावर चढली. शर्यत संपायला थोडं राहिलं तेव्हा तो दुसऱ्या नंबरला होता. माइकवाला आता सोमवारवाले म्हणत नव्हता. तो गोपाळचं नाव घेत होता.

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. आणि त्यांना ते ऐकू आलं. भरदार आवाजाखाली एक बारीक, आवळल्यासारखा, कोरडा सूर. गाडी बोलत होती. एवढ्या मोठ्या मैदानात ते फक्त त्यांना कळत होतं. गोपाळ समोरून जायला आला, अप्पांनी थांबायची खूण करायला हात उचलला. पण दुसऱ्या नंबरची गाडी थांबवायची कशी? आणि थांबवली तर का थांबवली म्हणून सांगायचं काय? हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला. गोपाळला वाटलं, अप्पा शाबासकी देतायत. त्यानं मान हलवली आणि ॲक्सिलरेटरची मूठ आणखी पिळली.

समोरच्या सरळ रस्त्यावर मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी गेली, गोपाळ वर उडाला आणि खांद्यावर आपटला. मागून येणारे कसेबसे चुकवून निघाले, हे नशीब.

परभणीच्या दवाखान्यात कळलं, खांद्याजवळचं हाड मोडलंय. जिवावरचं हाडावर गेलं. सहा आठवडे हात गळ्यात. बाहेर व्हरांड्यात चर्चा चालू होती. मंगेश म्हणत होता, "गडी आवेशात आला. एवढं भारी इंजिन हातात दिलं तर जपून वापरायला नको?" लातूरचा मिस्त्री माणुसकीनं भेटायला आला होता. तो म्हणाला, "चाक धरल्याबरोबर क्लच वढायला पायजे व्हता. नवखा पडला." सगळ्यांनी माना हलवल्या. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनीही मान हलवली.

हे मान हलवणं त्यांना पुढं कित्येक दिवस झोपू देईना.

इंजिन त्यांनी एकट्यानं उघडलं, गोठ्याचं दार लावून. पिस्टनवर चारी अंगांनी ओरखडे होते. असे ओरखडे रनिंग न काढलेल्या इंजिनातच पडतात. त्यांनी तो पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि ऑइलच्या रिकाम्या डब्यात टाकला. मग आपण काय केलं हे ध्यानात येऊन त्यांची त्यांनाच शिसारी आली. चोर माल लपवतो तसा त्यांनी तो लपवला होता, आणि तोही स्वतःच्या गोठ्यात, वडिलांच्या दावणीजवळ.

चौकातला फ्लेक्स तसाच होता. सोनपेठचा वाघ. पोरं त्याच्याकडं बघून म्यांव म्यांव करायची. अप्पांना रोज त्याच रस्त्यानं गॅरेजवर जावं लागायचं. ते मान खाली घालून जायचे. लोकांना वाटायचं, अप्पांना हार लागलीय.

गोपाळची कुरिअरची लाइन दुसऱ्याला जाऊ नये म्हणून त्याची बायको राजेश्री स्कूटी चालवायला लागली. पुढं ती, मागं एका हातानं पिशवी धरून हा, रस्ते सांगत. चौथ्या फेरीसाठी मंगेशनं पुन्हा ब्लॉक-पिस्टन मागवला होता. ते पार्सल घेऊन दोघं गॅरेजवर आली. या वेळी ओटीपीची गंमत झाली नाही. गोपाळ खोकं ठेवून तसाच उभा राहिला.

"अप्पा, तुमाला तोंड दाखवायला लाज वाटायली मला," तो म्हणाला. "तुमी एवढी मेहनत करून रनिंग काढून दिली आन् मी एका दिवसात इंजिन खाल्लं. माफ करा."

अप्पांनी हातातला पाना खाली ठेवला.

"गोपाळ, रनिंग काढलीच न्हवती म्या."

"हां?"

"सोमवारी न्हाई काढली. मंगळवारी मंगेश लवकर आला, राहून गेली. तू इचारलंस तवा मी खोटं बोललो. तुझी काय बी चूक न्हाई."

गोपाळ त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो चक्क हसला. "राजेश्री, बघ. म्या सांगत व्हतो न तुला? माझं नाव राखायला अप्पा सवताला खोटं पाडायलेत." आणि एक हात गळ्यात असताना तो वाकला आणि दुसऱ्या हातानं त्यानं त्यांचे पाय धरले. मागोमाग राजेश्रीनंही पदर सावरून पायांवर डोकं टेकवलं. "देवमाणूस," ती म्हणाली.

पाय कुठं नेऊन लपवावेत असं अप्पांना झालं.

ते उठून मंगेशच्या दुकानात गेले. त्यालाही सांगितलं. मंगेश खताच्या पोत्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाला, "मामा, तुमचं मन मोठं हाय, मला मालूम हाय. पण टीमच्या मधी मन आणू नका. गोपाळला बसवायचं न्हाई आता. हात बरा झाला तरी न्हाई. लातूरच्या एका पोराशी बोललोय मी." म्हणजे गोपाळचं नाव गेलं, टीममधली जागाही गेली, आणि अप्पा मात्र होते त्याहून मोठे झाले.

त्या दिवशी अप्पा जेवायला बसले. महादेवी समोर बसली होती.

"सांगितलं त्यांना," अप्पा म्हणाले.

"काय, ते मला म्हाईत हाय. सोमवारी गोठ्यातून आवाज आला न्हाई, मंगळवारी आला न्हाई. मला कान हायेत."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी बोलताव का, ते बघायली व्हते." तिनं ताटात आमटी वाढली. "मग? काय म्हणाले?"

"पटंना कुणाला."

"कसं पटंल? जन्मभर खरं बोलून तुमीच सवय लावली लोकायला."

अप्पांनी भाकरी मोडली. मग हळूच म्हणाले, "सोमवार पाळला तिथंच चुकलं माझं."

"सोमवारला कामून मधी घेताव? सोमवार पाळला त्यात काय पाप झालं न्हाई. मंगळवारी तोंड उघडलं, तिथं झालं." ती ताट उचलून आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्तच बोचलं.

नवा पिस्टन बसवून झाला. रनिंग काढायची होती. मंगळवार होता, बुधवार होता, आठवडा पुढं पडला होता. अप्पा थांबले. आणि सोमवारी सकाळी पूजा करून त्यांनी गोठ्याचं दार उघडलं, गाडी ढकलत ढकलत गावातून आणली आणि गॅरेजच्या दारात, भर रस्त्याला स्टँडवर लावली. डब्यातला तो जुना पिस्टन फडक्यातून काढून समोर स्टुलावर ठेवला. मग डोळे मिटले. वडिलांची मनातल्या मनात माफी मागितली की नाही, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. किक मारली.

सगळं सोनपेठ त्या गाडीचा वार ओळखत होतं. आधी समोरचा पानवाला बाहेर आला.

"अप्पा, आज सोमवार हाय न?"

"हाय."

"मग ही चालू कशी?"

"त्या सोमवारी चालू केली न्हाई, आन् चालू केली म्हणून गोपाळला खोटं सांगितलं. म्हणून तो पडला. हे बघ, पिस्टन बघ."

मग सलूनवाला आला, मग शाळेचे मास्तर, मग एसटीची वाट बघणारी माणसं. प्रत्येकानं तोच प्रश्न विचारला आणि अप्पांनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. पहिल्यांदा सांगताना जड गेलं, पाचव्यांदाही जड गेलं. सवय झाली नाही. या वेळी कुणी देवमाणूस म्हणालं नाही. ज्या माणसानं वडिलांच्या नेमाची गाडी सोमवारी रस्त्यात आणून चालवली, तो दुसऱ्यासाठी खोटं बोलत नसणार, हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. काही जण पिस्टन हातात घेऊन बघायचे, खाली ठेवायचे आणि निघून जायचे. मंगेशही येऊन गेला. "मामा," एवढंच म्हणाला, आणि दुकानाकडं परत गेला. दुपारपर्यंत चौकातला फ्लेक्स उतरला होता.

उन्हं कलताना स्कूटी आली. राजेश्री बसून राहिली. गोपाळ उतरला, गाडीपाशी आला. इंजिन संथ चालत होतं. त्यानं स्टुलावरचा पिस्टन उचलला, डाव्या हातानं फिरवून फिरवून बघितला. बोट ओरखड्यांवरून नेलं. बराच वेळ लावला.

"म्हंजे खरंच काढली न्हवती," तो म्हणाला.

"न्हाई."

"आन् त्या टायमाला हात वर केला व्हता तुमी. म्या बघितला."

"थांब म्हणायला केला व्हता. मग खाली घेतला."

गोपाळनं पिस्टन परत ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. अप्पांनी त्याला कधी रागावलेलं बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं, आता हा ओरडेल, शिव्या देईल, आणि तसं झालं तर बरं होईल. पण गोपाळ हळू आवाजातच बोलला.

"तुमी सांगितलं असतं न अप्पा, तर मी हळू चालवली असती. शेवटचा आलो असतो." तो थांबला. "शेवटचं यायची आपल्याला सवय व्हती की."

आणि तो वळला, स्कूटीवर बसला. पाया पडला नाही. राजेश्रीनं गाडी सुरू केली आणि दोघं पार्सलं घेऊन पुढच्या वाडीकडं गेली.

इंजिन तापलं होतं. अप्पांनी ते बंद केलं, गार होईपर्यंत मान खाली घालून तिथंच बसले, आणि मग उठून पुन्हा किक मारली.